चाळिसावी जागा

तुम्हां दोघांचं पत्र मंगळवारी मिळालं. धाकट्याला शाळेत गणिताचं बक्षीस मिळालं हे वाचून बरं वाटलं. पुढे त्याने लिहिलं आहे की बाईंनी विचारल्यावर तो वर्गात उभा राहून म्हणाला, "गणित आमच्या घराण्यातच आहे. माझी आजी गणित शिकवायची, आई इंजिनिअर आहे, आणि आता मी." त्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या वाक्यावर टाळ्या वाजवणं मला जमलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला मराठी सावकाश वाचता येतं; अडेल तिथे आई वाचून दाखवील. म्हणजे हे तिच्याही वाचनात येईल. आलं पाहिजेच.

जसं घडलं तसं, क्रमाने लिहिते.

ज्या गावाला तुम्ही चेन्नई म्हणता, त्याला आम्ही मद्रास म्हणत होतो. एग्मोर स्टेशनच्या मागच्या बाजूला आमचं भाड्याचं घर होतं. तुमचे आजोबा रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. मी बी.ए. आणि मग शिक्षकीची एल.टी. होऊन एका मुलींच्या हायस्कूलात गणित शिकवत होते. आपली माणसं मूळची तंजावरची, म्हणून घरात तंजावरची जुनी मराठी, रस्त्यावर आणि शाळेत तमिळ, आणि कागदावर इंग्रजी, असा आमचा दिवस चालायचा. मला इंग्रजी शिकवलं म्हणून माझ्या वडिलांना नातेवाइकांची बोलणी खावी लागली होती. ते मी कधी विसरले नाही, आणि आपण मुलींच्या बाजूच्या आहोत असं मी फार लवकर ठरवून टाकलं होतं.

तेव्हा हायस्कूलच्या इयत्तांना फॉर्म म्हणत. सिक्स्थ फॉर्मच्या शेवटी एस.एस.एल.सी.ची, म्हणजे शालान्त परीक्षा. पण खरा निकाल थर्ड फॉर्म संपतानाच लागायचा, मुलगी तेरा-चौदा वर्षांची असताना. तिथून पुढे गणिताच्या दोन वाटा होत्या. एक काँपोझिट: त्यात बीजगणित आणि भूमिती. दुसरी जनरल: त्यात घरखर्च, भिंतीला चुना, सरासरी, व्याज. जनरलवाली मुलगी परीक्षा पास व्हायची, पण कॉलेजात गणित किंवा पदार्थविज्ञान घ्यायला गेली की तिला परत पाठवायचे. इंजिनिअर, गणिताची पदवी, हायस्कूलात गणित शिकवणं, हे सगळं एका दाराच्या पलीकडे होतं, आणि ते दार चौदाव्या वर्षी लागायचं. मुलींना ते लागल्याचा आवाजही ऐकू येत नसे. पुष्कळशा तर खूश व्हायच्या, "सुटलो बाई" म्हणून.

आमच्या शाळेत थर्ड फॉर्मच्या तीन तुकड्या, सगळ्या मिळून सव्वाशेच्या आसपास मुली. काँपोझिट शिकवू शकणारी मी एकटी. म्हणून काँपोझिटची तुकडी एक, आणि तीत बाकं चाळीस.

ही चाळीस कशी भरायची? मी लागले तेव्हाची पद्धत सोपी होती. हेडमिस्ट्रेसबाई उपस्थितीपट समोर घ्यायच्या आणि मुलीच्या नावापुढचा वडिलांच्या धंद्याचा रकाना वाचायच्या. वकील, घाला. डॉक्टर, घाला. सेक्रेटरिएटमध्ये, घाला. शिंपी, राहू दे. "बिचारीला कशाला त्रास?" त्या खरोखर दयेनेच म्हणायच्या. त्या वाईट नव्हत्या. हे मला तुम्हाला नीट सांगायचं आहे, या गोष्टीत वाईट म्हणावं असं कोणी नाही.

मी भांडले. दोन वर्षं भांडले. म्हटलं, परीक्षा घ्या, आणि उत्तरपत्रिकेवर नाव नको, नुसता नंबर. नंबर आणि नावं यांची यादी क्लार्ककडे पाकिटात बंद राहील. तपासताना मला कळणारसुद्धा नाही कोण कोणाची.

हेडमिस्ट्रेसबाई म्हणाल्या, "तुम्हाला आंधळी न्यायदेवता व्हायचंय, टीचर?"

"हो," मी म्हटलं. "निदान कोणी असं म्हणणार नाही की बाप बघून घेतलं."

"बरं. पण लागलेली यादी मग मी कोणासाठी बदलणार नाही. तुमच्यासाठीही नाही."

"माझ्यासाठी कशाला बदलाल?" असं मी हसत म्हणाले होते.

घरी तुमचे आजोबा म्हणाले, "पेटी, पाकीट, लाख, शिक्का! ही काय परीक्षा घेते आहे? ही तर निवडणूक भरवते आहे." मला त्याचा अभिमानच वाटला. प्रश्नपत्रिका मी स्वतः काढली. गुण कसे द्यायचे त्याचा तक्ता केला: आकृतीला इतके, मांडणीच्या पायऱ्यांना इतके, उत्तराला इतके. प्रत्येक मुलीला तोच तक्ता. उत्तर बरोबर पण पायऱ्या नाहीत, तर गुण नाहीत. नाहीतर कॉपी करणारी आणि समजलेली यांच्यात फरक काय राहिला? मला हे अगदी निर्विवाद वाटत होतं. आणि नोटीस लावली: मुलींनी आपापली कंपासपेटी आणावी.

त्या साली तुमची आई थर्ड फॉर्मला होती. माझ्याच शाळेत.

मी तिला प्रश्न सांगितले नाहीत. तसं मी कधीच केलं नसतं. पण संध्याकाळी जेवणाआधी मी तिला बसवून मांडणी शिकवायचे. दिलेलं काय, काढायचं काय, आकृती, मग एकाखाली एक पायऱ्या, डावीकडे समास, समासाला दोन रेघा. तिची आकृती एका रेषेने वाकडी झाली की खोडायला लावायचे. ती रडायची. तुमच्या पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, माजघरातून ओरडायच्या, "अस्की पोरींला वाट दाखिवतेस, आपल्या लेंकराला मात्र रडिवतेस!" अस्की म्हणजे आपल्या घरच्या बोलीत सगळ्या. मी म्हणायचे, "तिलाही सगळ्यांसारखंच." आणि मला ते खरं वाटायचं. सगळ्यांना संध्याकाळी दोन रेघांचा समास शिकवायला कोणी आई बसते का, हा प्रश्न मला सुचला नाही. गणित शिकवणाऱ्या बाईला सुचला नाही.

परीक्षा झाली. मी पेपर शाळेतच तपासत असे, स्टाफरूमच्या खिडकीशी. नववा प्रश्न असा होता: एक शेड चोवीस फूट रुंद, तीस फूट लांब. छपराचं मधलं आढं भिंतींपेक्षा पाच फूट उंच. छपराच्या दोन्ही बाजू मिळून क्षेत्रफळ किती? मुलींना अजून कर्णाचा सिद्धान्त शिकवला नव्हता. त्यांनी प्रमाणात आकृती काढावी, उताराची बाजू मोजावी आणि उत्तर आणावं, अशी अपेक्षा. आकृतीला पाच, पायऱ्यांना तीन, उत्तराला दोन.

एका पेपरात आकृतीच नव्हती. नुसतं "७८० चौरस फूट". ते अगदी बरोबर होतं. मोजून काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांचं बरोबर आलं होतं. आणि त्याखाली तमिळमध्ये दोन ओळी: "इतक्याने भागणार नाही. झावळ्या एकावर एक चढवाव्या लागतात, नाहीतर पाणी गळेल. दुप्पट धराव्या."

मी हसले. शेजारच्या तमिळच्या बाईंना वाचून दाखवलं, त्याही हसल्या. मग तक्त्याप्रमाणे उत्तराचे दोन दिले, आणि अनावश्यक मजकूर लिहिल्याबद्दल एक कापला. दहापैकी एक. त्या पेपरात आणखी दोन प्रश्न असेच होते, उत्तर आहे, आकृती नाही. एकूण सत्तावन्न.

काही पेपरांनंतर एक पेपर आला, त्यावर डावीकडे समास होता. समासाला दोन रेघा.

मी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं, आणि पुन्हा पेपराकडे. नंबरच तर होता त्यावर. मी तो इतरांसारखाच तपासला. नवव्या प्रश्नाची आकृती सुरेख, पायऱ्या सुरेख, पण बाजू पावणेतेरा मोजलेली, त्यामुळे उत्तर चुकलेलं. तक्त्याप्रमाणे दहापैकी आठ. एकूण एकसष्ट. बेरीज मी दोनदा केली. बाकीच्यांची एकदाच केली होती.

पाकीट उघडलं, यादी लागली. एकसष्ट गुणांना चाळिसावी जागा. तुमची आई.

यादी लागली त्या दिवशी दुपारी स्टाफरूमच्या दारात एक मुलगी आणि तिची आई उभ्या राहिल्या. मुलगी बारीक, काळीसावळी, परकर धुऊन विटलेला. वर्गात ती शेवटच्या बाकावर असे आणि कधी बोलत नसे. आई झावळ्या विणण्याचं काम करायची. नारळाच्या झावळ्या विणून झोपड्यांची, दुकानांची, लग्नमांडवांची छपरं शाकारायची. मुलगी सुट्टीत तिच्याबरोबर जायची.

आई दाराच्या आत आली नाही. तिथूनच म्हणाली, "टीचरम्मा, माझी पोर यादीत नाही म्हणते. घरी येऊन जेवली नाही. मी म्हटलं, चल, विचारू. विचारायला काय जातं?"

मी पेपर काढला. "हे बघा. आकृती काढलेली नाही."

"पेटी नव्हती टीचर," मुलगी म्हणाली.

"शेजारणीची मागायची."

"मागितली. ती म्हणाली, मी संपवून देते. संपली तेव्हा घंटा झाली."

"मग उत्तर कुठून आलं? शेजारणीचं बघितलंस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की अजून मला ते विसरता येत नाही. राग नव्हता त्यात. मला काहीतरी साधं कळत नाहीये, अशी काळजी होती.

"शेजारणीचं चुकलं होतं, टीचर. तिचं साडेबारा येत होतं. बारा पसारा, पाच उंची, तर तेराचा बांबू लागतो. अम्मा नेहमी तोच तोडून आणायला सांगते."

"सहा आणि आठ?"

"दहा."

मी मुद्दाम म्हटलं, "सात पसारा, चोवीस उंची?"

त्यावर तिची आई मोठ्याने हसली. "असं छप्पर कोण घालतं, टीचरम्मा? देवळाचं गोपुर आहे का? वर चढणारा मरेल!"

मुलगी मात्र हसली नाही. म्हणाली, "ते ठाऊक नाही. थोडी सुतळी द्या."

पेपरांच्या गठ्ठ्याची सुतळी तिने घेतली आणि व्हरांड्यात गेली. तिथे चौकोनी लाल फरशा होत्या. एका कोपऱ्यातून तिने आडव्या सात फरशा मोजल्या, उभ्या चोवीस, आणि आईला एका टोकाशी बसवून सुतळी तिरपी ताणली. मग तीच सुतळी फरशांच्या ओळीवर सरळ ठेवून मोजली.

"पंचवीस. बरोबर पंचवीस, टीचर. जराही कमी-जास्त नाही." आणि मग, जसं काही आम्ही तिथे नव्हतोच, ती स्वतःशीच म्हणाली, "हे कधी बरोबर येतं आणि कधी येत नाही, ते का?"

बाळांनो, मी त्या शाळेत बावीस वर्षं शिकवलं. हा प्रश्न मला त्या एकीनेच विचारला.

मी तिला विचारलं, "काँपोझिट घेऊन काय करणार आहेस?"

"तुमच्यासारखी होणार. गणिताची टीचर." आई पदरात तोंड लपवून हसली, लाजून. मुलगी म्हणाली, "बाक नसलं तर मी खाली बसेन."

मी हेडमिस्ट्रेसबाईंकडे गेले. घडलेलं सगळं सांगितलं, फरशांचं, सुतळीचं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"एक्केचाळीसची परवानगी नाही. इन्स्पेक्ट्रेसबाई बाकं मोजतात. एक आत तर एक बाहेर," त्या म्हणाल्या. "आणि ती काही एक्केचाळिसावी नाही. तिच्यावर आणखी मुली आहेत. त्यांचे बाप बाहेर बाकावर बसलेत, आवाज ऐकू येतोय ना? त्यांना काय सांगू? टीचरला एक पोर आवडली?"

"माझा तक्ताच चुकला," मी म्हटलं. "पेटी नसलेल्या सगळ्याच मुलींचे गुण गेलेत."

"मग सगळे पेपर पुन्हा तपासा. सव्वाशेच्या सव्वाशे. नव्या तक्त्याने. सोमवारी सकाळी मला नवी यादी द्या, मी जुनी काढून ती लावीन." मग म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, बदलणार नाही. तरी बदलते. कारण चूक तुमची आहे हे तुम्ही स्वतः येऊन सांगताय. असं कोणी सांगत नाही."

म्हणजे दार उघडं होतं. हे लक्षात ठेवा. ते मला कोणी बंद करून दिलं नाही.

मी गठ्ठा घरी आणला. शनिवारी दिवसभर आणि रविवारी दुपारपर्यंत बसले. या वेळी आकृतीला गुण नाहीत. विचार बरोबर असेल, मग तो कसाही दाखवलेला असो, तर पूर्ण. कोणी बोटांवर, कोणी चित्रात, कोणी दोन तमिळ ओळींत. कितीतरी पेपर पहिल्यांदा मी वाचलेच नव्हते असं लक्षात आलं, नुसते पाहिले होते. चार वाजता नवी यादी तयार झाली. नऊ मुली बाहेरून आत आल्या होत्या. शिंप्याची मुलगी होती, एका शिपायाची होती. झावळ्यावालीची अकरावी होती.

नऊ आत, म्हणजे नऊ बाहेर. बाहेरच्या नवांत तुमची आई होती. सत्तेचाळिसावी.

ती तेव्हा अंगणात दोरीवरून उड्या मारत होती. काँपोझिट मिळालं म्हणून आजोबांनी तिला नवी कंपासपेटी आणली होती, ती पायरीवर उघडी ठेवलेली. तिने आत येऊन विचारलं, "अम्मा, काय करतेस?" मी म्हटलं, "पेपर." ती म्हणाली, "अजून? ते झाले ना?"

मी म्हटलं, "झाले."

आणि ते शब्द तोंडातून गेल्यावर मी गठ्ठा बांधला. मी बसून विचार केला, रडले, देवापुढे उभी राहिले, असं काही सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. मी फक्त गाठ मारली. नवी यादी चुलीत घातली आणि रात्रीच्या भाताचं आधण ठेवलं. सोमवारी हेडमिस्ट्रेसबाईंना सांगितलं, "पुन्हा पाहिले. एखाद-दोन गुणांचा फरक पडतो. यादीत बदल नाही."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "ठीक." त्यांना कळलं असेल का? चाळिसावी कोण ते त्यांना ठाऊक होतं. त्यानंतर त्या मला पुन्हा कधी न्यायदेवता म्हणाल्या नाहीत.

मुलीला मी व्हरांड्यात गाठून सांगितलं, "जमलं नाही. पण तू शनिवारी माझ्या घरी ये. मी तुला काँपोझिट सगळं शिकवीन. फुकट." असं सांगताना मला स्वतःबद्दल बरं वाटायला सुरुवातही झाली होती. माणूस किती लवकर बरं वाटून घेतो!

ती आली. चार शनिवार आली. सासूबाईंनी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. तिची जात विचारायचीही त्यांना गरज पडली नाही. ओट्यावर तिला बसवलं, पाण्याला वेगळा पेला ठेवला, ती गेल्यावर ओट्यावर पाणी ओतलं. मी इंग्रजी शिकलेली, शाळेत नंबरांची परीक्षा घेणारी. घरात मी एक शब्द बोलले नाही. "म्हातारं माणूस आहे, कशाला दुखवायचं," असं मी म्हणायचे. आत टेबलाशी तुमची आई तीच प्रमेयं सोडवत असायची. बाहेर ओट्यावर ती. मी उंबऱ्यापाशी स्टूल ठेवून बसायचे आणि एकदा आत बघायचे, एकदा बाहेर. बाहेरची पुढे असायची, नेहमीच.

सात-चोवीस-पंचवीस का बरोबर येतं, ते मी तिला तिसऱ्या शनिवारी सिद्ध करून दाखवलं. ती बराच वेळ पाटीकडे बघत राहिली. मग तिने पाटी उलटी धरली, आडवी धरली. "कसंही धरलं तरी खरंच राहतं," ती म्हणाली.

चौथ्या शनिवारी तिने विचारलं, "टीचर, हे सगळं शिकले तर एस.एस.एल.सी.ला मला काँपोझिटचा पेपर देता येईल?"

"नाही. तुझं नाव जनरलमध्ये आहे. शाळा जे नाव पाठवते तोच पेपर मिळतो."

"कॉलेजात दाखवता येईल, की मला येतं म्हणून?"

"नाही. ते सर्टिफिकेट बघतात."

तिने पाटी पुसली, स्वच्छ, कडा धरून, आणि मला परत दिली. पाटी माझी होती. "मग शनिवारी अम्माबरोबर कामाला जाते, टीचर. ती एकटी असते." पायरी उतरताना म्हणाली, "छान होतं पण." मी तिला अडवलं नाही. तिला अडवायला माझ्याकडे काय होतं? जे होतं ते मी चुलीत घातलं होतं.

पुढचं लांबवत नाही. तुमची आई काँपोझिटमध्ये मेहनतीने शिकली. चाळिसाव्या जागेवरून ती दुसऱ्या जागेवर आली. त्यात तिचे कष्ट खरे आहेत, आणि त्यात कसलाही खोटेपणा नाही. ती तेव्हा लहान होती, तिला काहीच ठाऊक नव्हतं. चाळिसाव्या जागेवर बसलेली मुलगी इंजिनिअर होऊ शकते हे तिने दाखवून दिलं. मला रोज हेच सलतं. कारण मग पन्नासाव्या जागेवरची, सत्तराव्या जागेवरचीही झाली असती. गुणांनी काही ठरलंच नव्हतं. बाकाने ठरलं.

मी माझ्या परीने उपाय केले. पुढच्या वर्षी शाळेसाठी सहा कंपासपेट्या घेतल्या. त्या परीक्षेच्या दिवशी वाटल्या. ज्यांनी कधी कंपास हातात धरला नव्हता त्यांनी त्याने कागद फाडले. त्यापुढच्या वर्षी आकृत्याच काढून टाकल्या. मग तोंडी परीक्षा घेतली. तोंडीत घाबरल्या त्या घाबरल्या. मग वर्षभराचे गुण धरले. तेव्हा शिकवण्या सुरू झाल्या, आणि संध्याकाळी आमच्याच गल्लीत चार घरांतून "टीचर, आमच्या मुलीला थोडं बघा" असं येऊ लागलं. मी दरवर्षी चाळण बदलत गेले. वर राहायच्या त्या तशाच राहायच्या आणि खाली पडायच्या त्या तशाच पडायच्या. साठाचं दशक अर्धं उलटलं तोवर मी चाळणीबद्दल बोलणंही सोडलं होतं. हेडमिस्ट्रेसबाई निवृत्त झाल्या होत्या. नव्या बाई म्हणाल्या, "तुमची नंबरांची पद्धत फारच छान आहे, टीचर. कोणी तक्रार करत नाही." खरं होतं ते. पूर्वी रकाना बघून घ्यायचे तेव्हा शिंपी येऊन भांडायचा तरी. आता तो यादी वाचायचा, मुलीच्या पाठीवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "डोकं नाही गं तुला," आणि घरी घेऊन जायचा. आधी आम्ही त्यांना बाहेर ठेवत होतो. मी त्यांना शिकवलं की बाहेरच त्यांची जागा आहे.

त्याच सुमारास थर्ड फॉर्मच्या वर्गात मला एक मुलगी दिसली. तोच चेहरा, तीच बारीक चण. पहिल्या क्षणी मला वाटलं, मधली वर्षं झालीच नाहीत. मधल्या सुट्टीत तिला बोलावलं.

"तुझी मोठी बहीण इथे होती का?"

"हो, टीचर. अक्का. ती आता अंबत्तूरला कारखान्यात आहे. स्क्रू बघते." तिने चिमूट करून दाखवलं. "एका मापाचे एकीकडे, चुकलेले एकीकडे. मशीनपेक्षा लवकर ओळखते, असं तिचा फोरमन म्हणतो."

"तुला गणित आवडतं?"

तिने मानेनेच हो म्हटलं. मला ठाऊक होतं. महिनाभर तिच्या वह्या तपासत होते मी. तिची उत्तरं पायऱ्यांच्या आधी यायची.

त्या वर्षी मी मनाशी ठरवलं की काय वाटेल ते होवो, ही पोर आत जाईल. नियम मोडावा लागला तर मोडीन. मोडायचा कसा ते मला चांगलंच ठाऊक होतं. आणि या वेळी घरातलं कोणी यादीत नव्हतं. तोवर ही परीक्षा सगळ्यांना सक्तीची राहिली नव्हती; बसणाऱ्यांनी आपली नावं क्लार्ककडे द्यायची असत. शेवटच्या दिवशी मी ती नावं पाहिली. तिचं नव्हतं.

तिला वर्गाबाहेर बोलावलं. "नाव का दिलं नाहीस? आज दे. माझ्याबरोबर चल, आत्ताच."

ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. नम्रपणे म्हणाली, "नको, टीचर. अक्काने सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"म्हणाली, नाव दिलंस तर मग टीचरला फार त्रास होतो. मागच्या वेळी झाला होता. त्या चांगल्या आहेत, त्यांना पुन्हा नको."

मी तिला म्हटलं की मला त्रास होणार नाही, कधीच झाला नव्हता. हात धरला तिचा. तिने तो हळूच सोडवून घेतला, मोठ्या माणसाची समजूत घालावी तसा, आणि म्हणाली, "जनरल सोपं असतं, टीचर." घंटा झाली. ती आत जाऊन आपल्या बाकावर बसली. दुपारी क्लार्कने नावांची यादी बंद केली.